आरोपींविना खटला : लाहोर, 1929-30

लाहोर कट खटल्याची गोष्ट आपल्याकडे सहसा शेवटाकडून सांगितली जाते. 23 मार्च 1931 ची संध्याकाळ आणि लाहोरच्या सेंट्रल जेलमध्ये तिघांना झालेली फाशी एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. त्याआधी पंधरा महिने कोर्टात जे चालले होते ते त्या संध्याकाळच्या छायेत झाकून जाते. भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना शिक्षा झाली ती खून आणि राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या आरोपावरून. ज्या न्यायाधिकरणाने ती ठोठावली, ते जन्माला आले मात्र वेगळ्याच कारणाने. कोर्टात घोषणा होतात, गाणी म्हटली जातात, आरोपी उपोषण करतात, त्यामुळे काम पुढे सरकत नाही, असे सरकारचे म्हणणे होते. कोर्टाची शिस्त बिघडल्याची तक्रार पुढे करून कोर्टच बदलण्यात आले, आणि नव्या कोर्टातून एकेक करून आरोपी, त्यांचे वकील आणि अपिलाचा हक्क बाहेर गेला. हे कसे घडत गेले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे.

सुरुवात 30 ऑक्टोबर 1928 ला झाली. त्या दिवशी सायमन कमिशनच्या निषेधासाठी लाहोर स्टेशनाबाहेर जमलेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. लाला लजपतराय जखमी झाले आणि 17 नोव्हेंबरला वारले. हिंदुस्थान सोशालिस्ट रिपब्लिकन असोसिएशनच्या तरुणांनी त्याचा सूड घ्यायचे ठरवले. लाठीहल्ल्याचा हुकूम देणारा पोलीस अधीक्षक स्कॉट त्यांना हवा होता. 17 डिसेंबरला गोळ्यांना बळी पडला तो साँडर्स हा दुय्यम अधिकारी, आणि पाठलाग करणारा हवालदार चननसिंग. मारेकरी निसटले. मग 8 एप्रिल 1929 ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बॉम्ब टाकले, पत्रके उधळली आणि पळून न जाता स्वतःला अटक करवून घेतली.

पुढचे सारे याच अटकेत दडलेले आहे. ज्याला निसटायचे असते तो कोर्टाला घाबरतो, आणि या दोघांना तर कोर्ट हवेच होते. 6 जून रोजी दिल्लीच्या सेशन्स कोर्टात त्यांनी केलेले निवेदन देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. जे बोलण्यासाठी जाहीर सभा घेता आली नसती, ते आरोपीच्या पिंजऱ्यातून लाखो लोकांपर्यंत गेले. 12 जूनला दोघांनाही जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तोवर लाहोर आणि सहारनपूर येथे बॉम्बचे कारखाने सापडले होते, धरपकड झाली होती आणि जयगोपाल, हंसराज व्होरा, फणींद्रनाथ घोष असे काही जण माफीचे साक्षीदार झाले होते. साँडर्सच्या खुनाचा धागा भगतसिंगांपर्यंत पोचला.

राजगुरू तेव्हा बाहेरच होते. खेडचा हा तरुण 30 सप्टेंबर 1929 ला पुण्यात पकडला गेला आणि लाहोरला आणला गेला. तोपर्यंत खटला सुरू होऊन अडीच महिने झाले होते.

10 जुलै 1929 ला लाहोरच्या तुरुंगाच्या आवारातच विशेष मॅजिस्ट्रेट रायसाहेब पंडित श्रीकिशन यांच्यापुढे चौकशी सुरू झाली. तुरुंगात कोर्ट भरवण्याचे कारण उघड होते. आरोपींना शहरातून ने-आण करावी लागत नाही, रस्त्यावर गर्दी होत नाही, आत कोणाला सोडायचे ते पोलिसांच्या हाती राहते. पण पहिल्याच दिवशी भगतसिंगांना स्ट्रेचरवरून आत आणावे लागले. राजकीय कैद्यांना माणसासारखी वागणूक मिळावी, वाचायला पुस्तके-वर्तमानपत्रे मिळावीत, अन्न धड असावे यासाठी त्यांनी आणि दत्तांनी जूनच्या मध्यापासून अन्न सोडले होते. काही दिवसांत बाकीचे आरोपीही उपोषणात उतरले. जुलैअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत कोर्टाचे काम जवळजवळ ठप्प होते, कारण आरोपी उभे राहण्याच्या स्थितीत नव्हते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढे सरकारने ती मुद्दाम गढूळ केली. उपोषण तुरुंगाविरुद्ध होते, खटल्याविरुद्ध नव्हते. खटला लांबला हा त्याचा परिणाम होता. आरोपींना तो परिणाम नको होता असे मात्र म्हणता येणार नाही. खटला जितका लांबेल तितका बोलबाला, हे ते जाणून होते.

13 सप्टेंबर 1929 ला जतींद्रनाथ दास 63 दिवसांच्या उपोषणानंतर गेले. त्यांचा देह लाहोरहून कलकत्त्याला नेला, तेव्हा वाटेतल्या स्टेशनांवर लोक लोटले. योगायोग असा, की त्याच आठवड्यात कायदेमंडळात गृहखात्याचे सदस्य सर जेम्स क्रीरर यांचे विधेयक चर्चेला होते. उपोषण करून जो आरोपी स्वतःला कोर्टात हजर राहण्यास असमर्थ करून घेईल, त्याच्या गैरहजेरीत खटला चालवता यावा, असे त्याचे सार. बॅरिस्टर जिना 12 आणि 14 सप्टेंबरला त्याविरुद्ध बोलले. दोन भाषणांच्या मध्ये दासांचा मृत्यू झाला होता. मरेपर्यंत अन्न नाकारायला आत्मबळ लागते, ते सामान्य गुन्हेगाराचे काम नव्हे, आणि आरोपी नसताना चालवलेला खटला हा खटलाच नव्हे, असा त्यांचा रोख होता. कायदेमंडळाचा रंग पाहून सरकारने विधेयक लोकमत अजमावण्यासाठी फिरवायचे मान्य केले. म्हणजे सप्टेंबर 1929 मध्ये, आरोपीविना खटल्याची कल्पना देशाच्या विधिमंडळापुढे आली आणि तिथे ती चालली नाही. आठ महिन्यांनी तीच कल्पना मागच्या दाराने परत आली.

दरम्यान कोर्ट पुन्हा सुरू झाले होते. अजय घोष हे या खटल्यातले एक आरोपी, पुढे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस. त्यांच्या आठवणींतून आणि लाहोरच्या ‘ट्रिब्यून’मधल्या बातम्यांतून त्या दिवसांचे चित्र बरेच स्पष्ट दिसते. आरोपींना आणले जाई ते ‘इन्किलाब झिंदाबाद’च्या गजरात. आत शिरल्यावर उर्दूतली बलिदानाची गाणी म्हटली जात. मॅजिस्ट्रेट खुर्चीवर येऊन बसले तरी गाणे संपेपर्यंत काम सुरू होत नसे. बाहेर विद्यार्थी जमत, आत नातेवाईक, वकील, वार्ताहर आणि परवानगी मिळालेले प्रेक्षक असत. मोतीलाल नेहरू येऊन गेले, सुभाषचंद्र बोस येऊन गेले, मुंबईचे के. एफ. नरिमन येऊन गेले, कोमागाता मारू प्रकरणातले बाबा गुरदित्तसिंग येऊन गेले. ज्या कोर्टात असे प्रेक्षक बसतात तिथे आरोपी न्यायाधीशाकडे तोंड करून बोलत नाहीत, बाकांकडे तोंड करून बोलतात. पंडित श्रीकिशन यांना हे कळत नव्हते असे नाही. त्यांच्या हातात बंद करण्यासारखे फारसे काही नव्हते, एवढेच.

आरोपी तरी एकसंध होते का? बचावाबाबत त्यांचे तीन गट पडले होते. काहींनी हे कोर्टच मानायचे नाही असे ठरवले आणि बचाव नाकारला. काहींनी वकील दिले. तिसऱ्या वाटेने भगतसिंग गेले. त्यांनी लाला दुनीचंद यांना कायद्याचे सल्लागार म्हणून घेतले, पण आपले बोलणे स्वतःच बोलायचे राखून ठेवले. ही विभागणी भांडणातून आलेली नव्हती, ठरवून केलेली होती. ज्यांच्याविरुद्ध पुरावा कमी त्यांना सुटू द्यायचे, ज्यांची शिक्षा अटळ त्यांनी कोर्टाचे व्यासपीठ करायचे.

21 ऑक्टोबर 1929 ला माफीचा साक्षीदार जयगोपाल साक्षीला उभा राहिला. कालपर्यंत तो यांच्यातलाच होता. पिंजऱ्यात येताना त्याने आरोपींकडे पाहत मिशीवर ताव दिला आणि काही तरी टोचून बोलला. आरोपींतला सर्वांत लहान, विद्यार्थीदशेतला प्रेमदत्त वर्मा याने पायातली चप्पल काढून त्याला फेकून मारली.

बाकीच्या आरोपींनी या कृतीशी आपला संबंध नसल्याचे तिथेच सांगितले. मॅजिस्ट्रेटने एका मुलाच्या अपराधासाठी सगळ्यांना शिक्षा केली. यापुढे सर्व आरोपी कोर्टात बसतील ते हातात बेड्या घालूनच. सुरक्षेच्या दृष्टीने पाहिले तर या हुकमात अर्थ नव्हता. कोर्ट तुरुंगाच्या आवारात, चहूबाजूंनी पोलीस, आरोपी झडती घेऊन आणलेले. प्रेमदत्तला वेगळा बसवला असता तरी भागले असते. पण हा हुकूम सुरक्षेसाठी नव्हताच. तीन महिने आरोपी घोषणा देत होते आणि कोर्ट ऐकून घेत होते, त्याचा हिशेब एकदम चुकता करण्याची ती संधी होती.

आरोपींनी बेड्या घालून कोर्टात यायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी त्यांना तुरुंगातून काढून आणताना पोलिसांची दमछाक झाली. मग तडजोड झाल्यासारखी दिसली आणि ते आले. जेवणाच्या सुट्टीत हात मोकळे करायला लावून त्यांनी जेवण घेतले आणि नंतर पुन्हा हात पुढे करायला नकार दिला. पोलीस तुटून पडले. भगतसिंगांना वेचून मारले. हे सारे कोर्टाच्या आवारात, बाहेरून आलेल्या लोकांच्या देखत झाले, आणि त्या लोकांत बायकाही होत्या. तुरुंगात परत नेल्यावर पुन्हा मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी ही बातमी देशभर पोचली. काही दिवसांतच बेड्यांचा हुकूम मागे घ्यावा लागला.

मला हा प्रसंग सगळ्या खटल्यातला कळीचा वाटतो. चप्पल फेकली गेली तेव्हा आरोपी चुकीच्या बाजूला होते, प्रेक्षकांतल्या कित्येकांनाही ते आवडले नसणार. अठ्ठेचाळीस तासांत पारडे फिरले. बंदोबस्त वाढवण्याच्या नादात कोर्टाने स्वतःचीच अब्रू घालवली, आणि ती घालवताना पाहायला साक्षीदार बसलेले होते. शिवाय आरोपींना एक धडा मिळाला, की बेडीपुढे हात न करणे हे घोषणेपेक्षा परिणामकारक असते.

त्यानंतर हिवाळ्यात कोर्टाला एक वेगळीच कळा आली. 19 डिसेंबरला काकोरीच्या हुतात्म्यांचा दिवस पाळला गेला. 21 जानेवारी 1930 ला, लेनिनच्या स्मृतिदिनी, आरोपी गळ्यात लाल रुमाल बांधून आले, घोषणा दिल्या आणि भगतसिंगांनी तिसऱ्या इंटरनॅशनलला पाठवायची तार वाचून दाखवून ती रवाना करावी अशी मॅजिस्ट्रेटला विनंती केली! ब्रिटिश सरकारच्या मॅजिस्ट्रेटकडून मॉस्कोला तार पाठवून घेण्याची ही खोड फक्त वात्रटपणाची नव्हती. वार्ताहर समोर बसलेले होते, तार गेली काय आणि न गेली काय, मजकूर छापून येणारच होता. फेब्रुवारीत तुरुंगातली आश्वासने पाळली गेली नाहीत म्हणून पुन्हा उपोषण झाले, पुन्हा तारखा पडल्या.

याच महिन्यात महाराष्ट्रात जे घडले त्याचा उल्लेख लाहोर खटल्याच्या हकिकतीत बहुधा एखाद्या ओळीत उरकला जातो. चंद्रशेखर आझादांचे झाशीचे दोन साथीदार, भगवानदास माहोर आणि सदाशिवराव मलकापूरकर, सप्टेंबर 1929 मध्ये भुसावळ स्टेशनवर हत्यारे आणि स्फोटके घेऊन जाताना सापडले होते. त्यांचा खटला जळगावच्या सेशन्स कोर्टात चालू होता. लाहोरचे दोन माफीचे साक्षीदार, जयगोपाल आणि फणींद्रनाथ घोष, तिथे साक्षीसाठी आणले गेले. 21 फेब्रुवारी 1930 रोजी दुपारच्या सुट्टीत माहोरांनी बाहेरून पोचवलेल्या पिस्तुलातून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जयगोपाल जखमी झाला. दोघेही वाचले. लाहोरात, जिथे एका चपलेपायी सोळा-सतरा माणसांना बेड्या ठोकायचा हट्ट झाला, तिथे डोळे आरोपींच्या घोषणांवर लागलेले होते. जळगावात कैद्याच्या हाती भरलेले पिस्तूल पोचले आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही. बंदोबस्त आणि धाकदपटशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीत कसूर झाली की दुसरीचा जोर वाढतो.

एप्रिल 1930 पर्यंत सरकारचा धीर संपत आला होता. साक्षीदारांची यादी सहाशेच्या घरात होती आणि नऊ महिन्यांत त्यांतले निम्मेही झाले नव्हते. ही फक्त प्राथमिक चौकशी. तिच्यानंतर सेशन्स, मग हायकोर्ट. तेवढ्यात दांडीयात्रा झाली, मिठाचा सत्याग्रह पसरला, 18 एप्रिलला चितगावच्या शस्त्रागारावर छापा पडला. 1 मे 1930 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी सिमल्याहून वटहुकूम क्रमांक 3 काढला. नावच मुळी ‘लाहोर कट खटला वटहुकूम’. एका खटल्यासाठी एक कायदा. त्यासोबतच्या निवेदनात आरोपींची उपोषणे आणि कोर्टातले वर्तन ही कारणे नोंदलेली होती. मॅजिस्ट्रेटपुढची चौकशी थांबली. तीन न्यायाधीशांचे न्यायाधिकरण नेमले गेले. आरोपी हेतुपुरस्सर अडथळा आणत असतील तर त्यांच्या गैरहजेरीत काम चालवण्याचा अधिकार त्याला मिळाला. त्याच्या निकालावर हायकोर्टात अपील नाही, फाशीच्या शिक्षेला हायकोर्टाची मंजुरीही लागणार नाही. वटहुकुमाचे आयुष्य सहा महिने, म्हणजे ऑक्टोबरअखेरपर्यंत. तेवढ्यात सगळे उरकायचे.

भगतसिंगांनी लगेच व्हाइसरॉयला पत्र लिहिले. उपोषणाचा खटल्याशी संबंध नव्हता, ते तुरुंगातल्या वागणुकीविरुद्ध होते, हे त्यात त्यांनी पुन्हा ठासून सांगितले. लाहोर हायकोर्टाच्या वकील मंडळींनीही नंतर हा वटहुकूम बेकायदा असल्याचे मत दिले. त्याचा उपयोग झाला नाही.

5 मे 1930 ला लाहोरच्या पूंछ हाउसमध्ये न्यायाधिकरण बसले. आदल्याच रात्री गांधीजींना कराडीहून अटक झाली होती आणि देशाचे लक्ष तिकडे होते. न्या. जे. कोल्डस्ट्रीम अध्यक्ष, न्या. आगा हैदर आणि न्या. जी. सी. हिल्टन हे सदस्य. सरकारी वकील कार्डन-नोड. आरोपी नेहमीसारखे घोषणा देत आले. त्यांच्यापैकी जे. एन. सान्याल यांनी आपण आणि आपले काही सोबती या फार्सात भाग घेणार नाही असे निवेदन वाचायला सुरुवात केली, ती थांबवण्यात आली. भगतसिंगांनी वटहुकुमाच्या वैधतेला आव्हान देण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत मागितली, ती नाकारली गेली. सुरुवातीच्या साक्षीदारांत वरिष्ठ पोलीस अधीक्षक हॅमिल्टन हार्डिंग होते. त्यांच्या सहीने फिर्याद दाखल झालेली. त्यांनी सांगितले, की ती फिर्याद पंजाब सरकारच्या मुख्य सचिवांच्या सूचनेवरून दाखल केली, तिच्यातल्या तपशिलाची मला स्वतःला माहिती नव्हती. उलटतपासणीला कसलेला वकील असता तर या एका उत्तरावर दोन दिवस घालवले असते.

12 मेचा दिवस. त्याच आठवड्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला होता, सरकारचा हात सगळीकडेच जड झाला होता. आरोपी आले, घोषणा झाल्या, गाणे सुरू झाले. पंडित श्रीकिशन दहा महिने जे सहन करत आले ते कोल्डस्ट्रीम यांनी आठवडाभरही सहन केले नाही. त्यांनी आरोपींना बेड्या घालून तुरुंगात परत न्यायचा हुकूम दिला. आरोपी अडून बसले आणि पोलिसांनी न्यायाधीशांच्या डोळ्यांदेखत लाठ्या चालवल्या. ऑक्टोबरमधल्या मारहाणीत मॅजिस्ट्रेट होते, इथे हायकोर्टाचे तीन न्यायमूर्ती होते.

त्यांपैकी एकाने त्या दिवशी लेखी नोंद केली. न्या. आगा हैदर यांनी लिहिले, की आरोपींना हलवण्याच्या या हुकमात माझा सहभाग नव्हता, त्याची जबाबदारी माझ्यावर नाही आणि त्यातून जे घडले त्यापासून मी स्वतःला वेगळा ठेवतो. न्यायालयीन भाषेत यापेक्षा कडक बोलता येत नाही. आरोपींनी दुसऱ्या दिवसापासून कोर्टात येणे बंद केले. माफी मागा किंवा अध्यक्ष बदला, अशी त्यांची अट होती.

आता वटहुकुमातले ते कलम कामाला आले. आरोपी नसताना साक्षी सुरू झाल्या. ज्या ज्या वेळी माफीचा साक्षीदार पढवलेले बोलतोय असे वाटे, त्या त्या वेळी आगा हैदर स्वतः प्रश्न विचारत. आरोपींच्या बाकांवर कोणी नव्हते, तेव्हा उलटतपासणीचे थोडेफार काम न्यायासनावरूनच होत होते.

21 जून 1930 ला न्यायाधिकरण बदलले. कोल्डस्ट्रीम रजेवर गेले, म्हणजे आरोपींची अट वरवर पुरी झाली. पण आगा हैदरही वगळले गेले. हिल्टन अध्यक्ष झाले, जे. के. टॅप आणि अब्दुल कादिर हे नवे सदस्य आले. आरोपी एक-दोन दिवस येऊन गेले. 12 मेच्या हुकमात हिल्टन सामील होते की नव्हते ते त्यांनी सांगावे, सामील असतील तर दिलगिरी व्यक्त करावी, असे भगतसिंगांनी 25 जूनच्या पत्रात म्हटले. उत्तर आले नाही. तिथून निकालापर्यंत खटला आरोपींविना चालला. सरकारचे म्हणणे, आम्ही कोल्डस्ट्रीम यांना हलवले तरी हे येत नाहीत, म्हणजे यांना खटला नकोच आहे. या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. न्यायाधिकरणाची मुदत संपेपर्यंत काम अडवता आले तर सारा वटहुकूमच कोलमडेल, हे आरोपींना दिसत असणारच. पण ज्याने मारहाणीविरुद्ध लेखी नोंद केली नेमका तोच न्यायाधीश काढल्यावर, हजर राहा म्हणण्याचा अधिकार सरकारकडे कितीसा उरला होता?

10 जुलैला तिघांवरचे आरोप काढून घेतले गेले. त्यांत दत्त होते, त्यांना आधीच जन्मठेप झाली होती. उरले पंधरा. दोषारोपाच्या प्रती तुरुंगात पोचवल्या गेल्या. साडेचारशेच्या आसपास सरकारी साक्षीदार झाले, त्यांतल्या बहुसंख्यांना कोणी उलट प्रश्न विचारला नाही. भगतसिंगांचे वडील किशनसिंग यांनी सप्टेंबरमध्ये, खुनाच्या दिवशी मुलगा लाहोरात नव्हता असा अर्ज केला, तेव्हा मुलाने त्यांना खरमरीत पत्र लिहून तो बचाव झिडकारला.

7 ऑक्टोबर 1930 ला निकाल लागला. वटहुकूम संपायला तीन आठवडे उरले होते. शिक्षा ऐकायलाही आरोपी कोर्टात नव्हते, ती त्यांना तुरुंगात कळवण्यात आली. भगतसिंग, सुखदेव, राजगुरू यांना फाशी. किशोरीलाल, महावीरसिंग, विजयकुमार सिन्हा, शिव वर्मा, गयाप्रसाद, जयदेव कपूर, कमलनाथ तिवारी यांना जन्मठेप काळे पाणी. कुंदनलाल यांना सात वर्षे, चप्पल फेकणाऱ्या प्रेमदत्तला पाच. अजय घोष, सान्याल आणि देसराज सुटले.

हायकोर्टाचे दार बंद असल्याने एकच वाट उरली होती, लंडनची प्रिव्ही कौन्सिल. बॅरिस्टर डी. एन. प्रिट यांनी तिथे मांडले, की वटहुकूम काढण्यासाठी आणीबाणी असावी लागते आणि एक खटला लांबला म्हणजे आणीबाणी होत नाही. फेब्रुवारी 1931 मध्ये लॉर्ड ड्युनेडिन यांच्या पीठाने परवानगी नाकारली. आणीबाणी आहे की नाही ते ठरवणारा एकटा गव्हर्नर जनरल, कोर्टाने त्यात शिरायचे कारण नाही, असे त्यांनी म्हटले. या एका वाक्याचे परिणाम लाहोरपुरते राहिले नाहीत. 1942 मध्ये युद्धकाळात विशेष फौजदारी कोर्टांचा वटहुकूम निघाला आणि त्याची वैधता 1944 मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे गेली, तेव्हा बनवारीलाल शर्मा प्रकरणात भगतसिंग प्रकरणाचाच आधार घेतला गेला.

राजकीय हिशेब तर सरकारच्या विरुद्धच गेला. घोषणा बंद करण्यासाठी कोर्टाबाहेर ठेवलेल्या माणसांच्या घोषणा गावोगावच्या सभांत गेल्या. आरोपींना आपली बाजू मांडता आली नाही हे सांगायला वकील लागत नव्हता, सरकारी गॅझेट पुरेसे होते. साँडर्सच्या खुनात कोणाचा किती भाग, हा ज्या खटल्याचा मूळ प्रश्न, त्याचे जे उत्तर पूंछ हाउसमध्ये निघाले ते लोकांनी कधी स्वीकारलेच नाही. इतका पुरावा हाती असताना सरकारला साध्या मार्गानेही बहुधा शिक्षा मिळवता आली असती. घाईने जे गमावले ते अनावश्यक होते.

माफीच्या साक्षीदारांपैकी फणींद्रनाथ घोषला 1932 च्या नोव्हेंबरात बिहारमधल्या बेतिया येथे बैकुंठ शुक्ल यांनी गाठून मारले. शुक्ल यांना 1934 मध्ये गया येथे फाशी झाली.

बेड्यांचा प्रश्न स्वतंत्र भारतात पन्नास वर्षांनी सर्वोच्च न्यायालयापुढे आला. प्रेमशंकर शुक्ल विरुद्ध दिल्ली प्रशासन या 1980 च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी म्हटले, की कच्च्या कैद्याला सरसकट बेड्या घालणे घटनेला धरून नाही. पळून जाण्याचा खरा धोका असेल तरच, तेही कारण लेखी नोंदवून आणि कोर्टाची मंजुरी घेऊन ते करता येते. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने काही गंभीर गुन्ह्यांत बेड्यांना पुन्हा मोकळीक दिली आहे. त्याच संहितेच्या 356 व्या कलमाने आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवण्याची सोयही आता रीतसर कायद्यात आणली आहे. तिला काही अटी आहेत. आरोपी फरारी म्हणून जाहीर झालेला असावा, त्याला लगेच पकडण्याची शक्यता नसावी, दोषारोपानंतर 90 दिवस थांबावे, आणि त्याच्या वतीने सरकारी खर्चाने वकील द्यावा. 1930 च्या लाहोरमध्ये यांतली एकही अट पुरी झाली नसती. ते पंधरा जण फरार नव्हते, त्याच शहरातल्या तुरुंगात सरकारच्याच पहाऱ्यात बसलेले होते.